टेपचे दुसरे टोक

आकाशातून पाहणाऱ्या डोळ्यापासून पृथ्वीवरचे काहीही लपून राहत नाही.

हे वाक्य मी बीडमधल्या एका सभागृहात पडद्यावर वाचले. अक्षरे पांढरी आणि मोठी होती. खाली जिल्ह्याचा नकाशा होता, उपग्रहाने घेतलेल्या चित्रावरून रंगवलेला. नकाशात नेकनूरच्या अंगाला एक गर्द हिरवा ठिपका होता. बाजूच्या रंगसूचीत त्या हिरव्याचा अर्थ दिला होता: दाट जंगल. ती जागा माझ्या ओळखीची होती. तिथे वनहद्दीतला एक पाझर तलाव आहे. त्यात कित्येक वर्षे बेशरमीची झुडपे माजली आहेत, इतकी की खाली पाणी आहे की नाही हे दगड टाकून ऐकावे लागते. डोळ्यापासून तलाव लपला नव्हता हे खरे. जे दिसले ते काय आहे, एवढेच त्याला कळले नव्हते.

मी हात वर केला नाही. चहा अजून यायचा होता.

मी बीडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो होतो आणि या कामासाठी मला 'स्थानिक तज्ज्ञ' म्हणून बोलावले होते. स्थानिक तज्ज्ञ म्हणजे ज्याला राहायला खोली द्यावी लागत नाही असा तज्ज्ञ. व्यासपीठावर बाहेरगावाहून आलेले एक मोठे अधिकारी होते. त्यांना सगळे साहेब म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. साहेबांनी जाहीर केले की नकाशात जे डोंगरउतार दाट दिसतात, ते येत्या पावसाळ्यापासून पाच वर्षे चराईसाठी बंद राहतील. त्याआधी नकाशाची जमिनीवर तपासणी होईल. ज्या उतारावर तपासणीचा एकही बिंदू दाट निघणार नाही, तो उतार यादीतून वगळला जाईल. एक जरी बिंदू दाट निघाला, तर उतार बंद. साहेब हे सगळे उभे राहून, हात मागे बांधून बोलले. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत शेळ्या पाळणारे कोणी नव्हते.

समारंभातल्या भाषणांचा मला कंटाळा आहे, पण ती तपासणीची पद्धत मला मनापासून आवडली आणि अजून आवडते. उपग्रह जमीन चौकोनाचौकोनांनी पाहतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा एक चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला एक रंग. सगळे चौकोन पायांनी तपासायचे तर जिल्ह्याला पाय पुरणार नाहीत. म्हणून संगणक डोळे मिटून नकाशावर थोडे बिंदू उधळतो. माणसाने त्या प्रत्येक बिंदूवर जायचे, तिथे खरोखर काय आहे ते लिहायचे, आणि मग नकाशा काय म्हणाला होता त्याच्याशी ताडून पाहायचे. नकाशाने दाट म्हटलेल्या बिंदूंपैकी निम्मे बिंदू भलतेच निघाले, तर दाट जंगलाचा एकूण आकडाही त्या मानाने खाली आणायचा. म्हणजे नकाशा चुकला तरी चालते; किती चुकतो ते ठाऊक हवे. आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसांबरोबर काम केले. आपण कितीदा चुकतो हे मोजायला आपण होऊन दुसऱ्याला बोलावणारा त्यांत एकही नव्हता. मीही नाही.

या सगळ्याची मदार एकाच अटीवर आहे: बिंदू जिथे पडला तिथेच जायचे. चार पावले इकडे नाही, चार पावले तिकडे नाही.

माझ्याबरोबर एक वनरक्षक दिला होता. घाटनांदूरकडचा, पस्तिशीचा, मोटारसायकल उत्तम चालवणारा आणि मोटारसायकल जिथे थांबते तिथेच जंगल संपते असे मानणारा. पहिल्याच दिवशी, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पिताना, त्याने मला या कामातली रीत सांगितली.

"सर, बिंदू म्हंजी काय ओ? काट्यात पडला तर वाटंवर घ्यायचा. नाल्यापल्याड पडला तर अल्याड. सगळेच सरकवतेत."

"मग तपासणी कशी होणार?"

"व्हती की. आजवर व्हतच आली."

ही रीत जुनी होती. अशा पाहण्यांचे कागद एखाद्या परक्या माणसाने वाचले, तर मराठवाड्यातले जंगल गाडीच्या चाकोरीला लागून आणि शक्यतो सावलीत उगवते, असा त्याचा समज व्हावा.

मांजरसुंबा आणि नेकनूरच्या मधल्या एका उतारावर आमचे सहा बिंदू पडले होते. फाल्गुन होता. ऊन चांगलेच तापू लागले होते. आम्ही पोचलो तेव्हा उताराच्या माथ्यावर एका खडकावर पन्नाशीची एक बाई बसली होती. मांडीवर आडवी काठी, काठीच्या टोकाला बांधलेला छोटा कोयता, आणि खाली पसरलेल्या तीस-एक शेळ्या. पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली. वनरक्षक तिला ओळखत होता आणि मावशी म्हणत होता. दोघांचे संबंध खात्याच्या नियमांप्रमाणे वैराचे आणि रोजच्या भेटीमुळे घरोब्याचे होते.

"काय गारडसाहेब, आज उन्हाचं कावून आलाव? बायकोनं हाकललं का काय?"

"डोंगर मोजायला आलाव, मावशी."

"कावून? कुनी चोरून न्ह्यायला लागलंय का?"

त्याने तिला आडपडदा न ठेवता सांगून टाकले. वरून फोटो निघालाय, त्यात हा उतार दाट जंगल म्हणून आलाय, आता सर सहा ठिकाणी तपासणार, एक जरी ठिकाण दाट निघाले तर पावसाळ्यापासून पाच वर्षे शेळ्या बंद.

ती माझ्याकडे वळली.

"मास्तर, उन्हाळ्यात आमी कुटंबी जातो. रान मोकळं असतंय. पर मिरगाच्या पेरन्या झाल्या की बांधावर सुदीक कुनी उभं करत न्हाई. ते चार म्हैने ह्यो उतारच हाय आमाला. ह्यो बंद म्हंजी शेरडं इका आन सुनंच्या तोंडाकडं बगत बसा."

मी म्हणालो की मी फक्त काय आहे ते लिहिणार. हे वाक्य माझ्या कानाला फार भारदस्त वाटले. तिला तसे वाटले नसावे.

"मी येते संगं," ती उठत म्हणाली.

"तू कशाला, मावशी?" वनरक्षक म्हणाला. "तुला वाचाय येतं का, सर काय लिवतेत ते?"

"कागुद न्हाई येत. तोंड येतं वाचाया."

पहिला बिंदू माथ्यापासून खाली, बोरीच्या आणि घाणेरीच्या दाटणीपलीकडे होता. माझ्या हातातल्या जीपीएस यंत्रावरचा बाण सरळ खाली रोखलेला होता. वाटेत मोकळ्यावर एक कडुनिंब होता. वनरक्षक त्याच्याखाली थांबला, टोपी काढली आणि घाम पुसला. मीही बसलो. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण बसलो. पिशवीतून तक्ता काढला आणि पेनाचे टोपण उघडले.

"आला का बिंदू?" मावशीने विचारले.

"आला की," वनरक्षक म्हणाला.

"मगाशी त्या डबीत बान खाली दावत हुता."

"मावशी, तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"बान कुटं तोंड करून हाय तेवडं कळतंय. का बिंदू सावली बगून पडतो?"

मी टोपण लावले. काटे तुडवत आम्ही खाली गेलो. माझ्या बाहीला बोरीने धरले ते तिने कोयत्याच्या टोकाने सोडवले, एखाद्या शेळीचे सोडवावे तसे. कडुनिंबाखालीच तक्ता भरला असता, तर तिथे 'मोकळी जागा' असे लिहावे लागले असते, आणि ते तिच्याच फायद्याचे होते. हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आले. तिच्या लक्षात तेव्हाच आले असणार.

बिंदूवर सीताफळ होते. अंगठ्याएवढ्या काटक्यांचे जाळे, एकही पान नाही. नकाशाचे गूढ तिथेच उकलले. उपग्रहाचे चित्र आश्विनातले होते. तेव्हा आमच्या उतारांवर सीताफळ असे हिरवेगार फोफावलेले असते की वरून पाहणाऱ्याने त्याला जंगल म्हटले तर त्याचा दोष नाही. त्याच दिवसांत मांजरसुंब्याच्या चौकात बायका टोपल्या मांडून बसतात, त्या याच झुडपांच्या जिवावर. पण तपासणीसाठी आम्हाला दिलेल्या पुस्तिकेप्रमाणे छातीएवढ्या उंचीवर खोडाचा ठरावीक घेर भरल्याशिवाय त्याला झाड म्हणायचे नव्हते. मी फीत गुंडाळून पाहिली. घेर पेन्सिलीपेक्षा थोडा जास्त भरला.

"ह्ये व्हय तुमचं दाट जंगल?" मावशी म्हणाली. "ह्येला शेरडू तोंड लावत न्हाई. लई कडू. शेरडू तोंड लावत न्हाई ते कसलं जंगल?"

जंगलाची व्याख्या आमच्या पुस्तिकेत दोन पाने व्यापून होती. मी ती मनातल्या मनात तिच्या व्याख्येशी ताडून पाहिली. उतारावर जे जे शेळीला आवडते ते ते खुरटून जमिनीलगत राहिलेले. जे नावडते ते माणसाच्या उंचीला गेलेले. उपग्रहाने जी हिरवळ टिपली, ती शेळ्यांनी नाकारलेल्या पाल्याची यादी होती. इतकी वर्षे मी मुलांना वनस्पतींचे वर्गीकरण शिकवले, पण खाणाऱ्याच्या बाजूने केलेले वर्गीकरण मला कधी सुचले नव्हते.

पुढचे चार बिंदू आम्ही दोन दिवसांत केले. निघताना मी तिला बाणाची दिशा आणि अंतर सांगे, आणि ती जागेवर जाण्याआधीच तिथे काय आहे ते सांगे. "तितं तरवड, आन वर दोन आपटे, वाळल्याले." "तितं निस्ता खडक. कडंनं सीताफळ." मी वहीत तीन रकाने पाडले: उपग्रह, मावशी, आणि माझा स्वतःचा अंदाज. त्या चार बिंदूंत तिचे एकही उत्तर चुकले नाही. उपग्रहाने पाचही ठिकाणी दाट म्हटले होते आणि पाचही ठिकाणी तो चुकला होता. माझ्या रकान्याबद्दल एवढेच सांगतो की मी उपग्रहाला फारसे मागे टाकू शकलो नाही, आणि मी तर घटनास्थळी हजर होतो.

वनरक्षक खूश झाला. "मावशी, पाच गेले. येक ऱ्हायला. सावा बी सीताफळात पडला की तुजा डोंगर सुटला बग."

ती तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून शेळ्या वळवायला गेली.

सहावा बिंदू घळीत होता. उताराच्या पोटात एक अरुंद घळ आहे, दोन्ही बाजूंना उंच काळा कातळ. तिथे उतरलो की यंत्राला आकाश पुरेसे दिसत नाही आणि ते भरकटते. बाण एकदा डावीकडे फिरे, एकदा मागे.

"नीट सांग की बे!" वनरक्षकाने यंत्राला दरडावले. यंत्राने बाण त्याच्याकडेच वळवला.

अशा वेळी काय करायचे हे पुस्तिकेत होते. घळीबाहेर मोकळ्या खडकावर उभे राहून जागा नक्की करायची आणि तिथून होकायंत्राने दिशा धरून टेपने अंतर मोजत जायचे. हिशोब केला. खडकापासून बिंदू बावन्न मीटर, जवळजवळ सरळ उत्तरेला, घळीच्या तोंडाकडे. मी त्या दिशेला हात केला.

मावशीने हाताच्या रोखाने पाहिले. "म्हंजी राईत," ती म्हणाली.

त्या घळीत एक लहानसा झरा आहे आणि झऱ्याभोवती करंज, उंबर, जुने धावडे आहेत. मोठी झाडे, खालून हात पुरणार नाही अशी. मधे शेंदूर लावलेला एक दगड, आणि भोवती गुडघाभर उंचीची दगडांची रांग. त्या रांगेच्या आत कोयता न्यायचा नाही आणि शेळी सोडायची नाही, हा तिच्या घराण्याचा नेम. रांगेपाशी आल्या की तिच्या शेळ्या आपणच वळतात. अख्खा उतार ओरबाडलेला आणि मधे ही एवढीशी गर्द सावली, हे मी नंतर आत जाऊन पाहिले. त्या क्षणी मला घळीच्या तोंडाशी माजलेली घाणेरी तेवढी दिसत होती.

आमचा टेप तीस मीटरचा. पहिले तीस मीटर मोजून मी एका बोरीजवळ थांबलो. राहिले बावीस. मला हातात होकायंत्र धरून जागेवर उभे राहणे भाग होते. वनरक्षकाने घाणेरीकडे पाहिले, मग आपल्या नव्या बुटांकडे पाहिले. तेवढ्यात टेपचे टोक मावशीने घेतले. "द्या हिकडं. तुमी सांगा, डावं का उजवं."

ती निघाली. दहा-बारा पावलांवर तिचा हिरवा पदर घाणेरीत दिसेनासा झाला. माझ्या हातातून टेप सरकत राहिला. चौदा मीटरवर, घाणेरीच्या फटीतून, मला दगडांची रांग ओझरती दिसत होती. म्हणजे बिंदू रांगेच्या आत आठ मीटर. राईत तर पडलाच होता, पण काठावरच.

वनरक्षकालाही ते दिसले. तो माझ्याकडे न पाहता मोठ्याने म्हणाला, "मावशी, टेप लई लांब हाय! घे की दोन-चार हात मुठीत गुंडाळून. दगडाच्या अल्याडच थांब!"

आतून उत्तर आले नाही. टेप ताणलेला होता. पलीकडे तिने आठ मीटर टेप मुठीत गोळा केला असता, तरी माझ्या हाताला तेवढाच ताण लागला असता. मी बावीसवर बोट ठेवून उभा होतो आणि त्या बावीसचा अर्थ काय होतो हे फक्त तिच्या हातात होते. वनरक्षकाला मी गप्प बस म्हणालो नाही. तिला नीट मोज असेही म्हणालो नाही. तो उतार सुटला तर मला बरेच वाटणार होते, आणि मी ऐकले नाही असे करून होकायंत्राकडे पाहत राहिलो.

"लागलं!" आतून आवाज आला. आवाज लांबून आला.

घाणेरीतून वाट काढत आम्ही आत गेलो. ती रांगेच्या आत, उंबराच्या पायथ्याशी वाकून उभी होती. टेपच्या टोकाची कडी तिने जमिनीवर दाबून धरली होती आणि दुसऱ्या हाताने एक चपटा दगड त्या जागी ठेवत होती. मुठीत काही नव्हते. कोयत्याची काठी ती रांगेबाहेरच ठेवून आली होती.

"मावशी," वनरक्षक हळू आवाजात म्हणाला, "तुला कळलं न्हाई का मी काय म्हनलो ते?"

"समदं कळलं. बहिरी न्हाई मी."

"मंग? येडी का काय तू? सोताच्या हातानं डोंगर घालीवलास की."

ती कंबर सरळ करत उठली. "मोजायचं तर नीट मोजा. न्हाई तर घरी बसून लिवा, हितं कावून आलाव?" मग उंबराच्या खोडावर हात ठेवून म्हणाली, "सासऱ्यानं राखली ही राई. दुस्काळात शेरडं मेली, तरी हितला पाला तोडला न्हाई. त्येच्यामागं मी राखली. आन आता मीच कागदावर सांगू व्हय, की हितं काय न्हाई म्हनून?"

मी तक्ता भरला. झाडांचे घेर घेतले. फीत दोनदा अपुरी पडली. बिंदू क्रमांक सहा, दाट जंगल. इतक्या वर्षांच्या अध्यापनात मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण बरोबर उत्तर लिहिताना हात एवढा जड झालेला आठवत नाही. वर शेळ्या नेहमीप्रमाणे एकमेकींना ढुशा देत होत्या.

निरोप घेताना मी तिला म्हणालो की काय करता येईल ते पाहतो. तिने माझे तोंड वाचले आणि मान हलवली. मला वाटते, त्यात फारसे काही लिहिलेले तिला आढळले नसावे.

पंधरा दिवसांनी साहेब स्वतः आले. काही निवडक बिंदू वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा तपासायचे असतात, आणि त्यांनी नेमका आमचा उतार निवडला होता. मांजरसुंब्याला गाडीतून उतरतानाच त्यांनी तक्ते माझ्यासमोर धरले.

"एका उतारावर सहापैकी पाच बिंदू चुकीचे? प्राध्यापक महाशय, उपग्रह चुकला की आपण?"

"पाच ठिकाणी उपग्रह, साहेब. सहाव्या ठिकाणी कोणीच नाही."

"तपासणीच्या वेळी शेळ्यावाले बरोबर होते असं ऐकतो."

"एक बाई होत्या. त्यांनी टेप धरला होता."

"मग झालंच," साहेब म्हणाले आणि त्यांनी गाडीतून स्वतःचा टेप काढला. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हाच संशय आला असता. ज्याचे पोट उतारावर आहे त्याच्या हातात टेपचे टोक दिल्यावर बिंदू कुठे जातात, हे त्यांनी अनेक जिल्ह्यांत पाहिले असणार.

त्यांनी सोपे बिंदू सोडले आणि घळीतला सहावा मागितला. त्या दिवशी मला साहेबांबद्दल आदर वाटू लागला, कारण ते सावलीत थांबले नाहीत. खडकावर त्यांनी स्वतः जागा नक्की केली, स्वतः होकायंत्र धरले आणि टेपचे टोक स्वतःच्या शिपायाच्या हातात दिले. पँटच्या पायांना कुसळे लागली, बुटात गेली. ते वाकून काढत राहिले पण चालत राहिले. मावशी शेळ्यांसह वरून हे पाहत होती, मग हळूहळू खाली आली आणि राईच्या रांगेबाहेर उभी राहिली.

शिपाई आतून ओरडला, "साहेब, बावीसवर इथे एक चपटा दगड ठेवलेला आहे!"

साहेब आत गेले. त्यांच्या टेपचे टोक आणि तिचा दगड यांत वीतभर अंतर होते. त्यांनी वर पाहिले. उंबर, करंज, पायाशी झऱ्याची ओल. मग ते मागे वळून दगडांच्या रांगेपर्यंत आले आणि पावले मोजत पुन्हा आत गेले. आठ-नऊ झाली.

"टेप या बाईंनी धरला होता?"

"हो."

"उतार बंद होणार हे त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

साहेबांनी तिला विचारले, "मावशी, अलीकडे थांबला असता तर कुणाला कळलं नसतं. आत का गेलात?"

"बिंदू तुमचा आत पडला. मी काय करू?" ती म्हणाली. मग तिला वाटले असावे की पाहुण्याशी असे तोडून बोलू नये. "पानी पिता का, साहेब? झरा ग्वाड हाय. पर झऱ्यापाशी पायताण काडून जावा."

साहेबांनी बूट काढले. बऱ्याच दिवसांत मी एखाद्या अधिकाऱ्याला इतका साधा दिसताना पाहिले नव्हते. ते पाणी प्यायले, मोज्यांतली कुसळे काढत उंबराच्या मुळीवर बसले आणि त्यांनी सहाही तक्ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. शेवटी म्हणाले, "ज्या हातानं हा बिंदू मोजला, त्याच हातानं बाकीचे पाच दाखवले असतील तर ते पाचही मला मान्य आहेत." तिथेच, मांडीवर कागद ठेवून, त्यांनी आपलाच नियम दुरुस्त केला: तपासलेल्या उतारावर जेवढी जागा प्रत्यक्ष दाट आहे तेवढीच बंद करावी, बाकीचा उतार चराईला मोकळा ठेवावा. सही करण्याआधी त्यांनी तो मजकूर मला वाचून दाखवला. वाक्य फार लांब होते, पण त्यात चूक नव्हती.

मावशीला मी ते सोप्या मराठीत सांगितले. डोंगर मोकळा; फक्त राई बंद.

"राईत कुटं जातेत माजी शेरडं?" ती म्हणाली.

"न्हाई जात ना? मंग झालं की," वनरक्षक म्हणाला. "सरकारनं तुजाच नेम तुला लागू केला, मावशी."

ती हसली. त्या तीन दिवसांत आणि या चौथ्यात, पहिल्यांदाच. शेळ्या वळवताना तिने मला हाक मारून सांगितले की आश्विनात या, सीताफळं न्या, पिशवी आणा. मी गेलो आणि आणली. पावसाळाभर तिच्या शेळ्या त्या उतारावर होत्या आणि सुनेच्या तोंडाकडे बघत बसायची वेळ आली नव्हती.

तपासणी पूर्ण झाल्यावर जिल्ह्याचा जंगलाचा आकडा बराच खाली आला. ते बरे झाले. नकाशाचे रंग मात्र कोणी बदलले नाहीत, कारण या पद्धतीत एकूण आकडा दुरुस्त होतो, चौकोन तसेच राहतात. बंद करायच्या जागांची यादी करताना कार्यालयाने सरळ मार्ग काढला: जिथे तपासणीचे तक्ते आहेत तिथे तक्ता खरा, जिथे नाहीत तिथे नकाशा खरा. यादीप्रमाणे ठिकठिकाणी पत्र्याचे फलक लागले. राईबाहेर एक लागला.

नेकनूरजवळच्या त्या बेशरम माजलेल्या पाझर तलावावर आमचा एकही बिंदू पडला नव्हता. तलावात पाच वर्षे शेळ्यांना चरायला मनाई आहे.